काना, मात्रा, वेलांटी चालणार नाही

साप्ताहिक सदर : टॅबांचा पसारा
कीबोर्डकर

काना, मात्रा, वेलांटी, उकार यांतलं काही म्हणजे काही नसलेलं महाराष्ट्रातलं मोठं शहर कोणतं? एसटीच्या प्रवासात भाच्यांना हे कोडं न घालणारा मामा विरळाच. उत्तर अहमदनगर. २०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं आणि कोडं निकालात निघालं. आमच्या प्रोजेक्टमधल्या एका फॉर्मला मात्र ही बातमी कुणी सांगितली नव्हती.

फॉर्म अगदी साधा. पूर्ण नाव मराठीत, गाव मराठीत, मोबाइल नंबर. टेस्टिंगला नवीन आलेली मुलगी मूळची पाथर्डीकडची. तिने गावाच्या रकान्यात अहिल्यानगर लिहिलं. लाल अक्षरांत उत्तर आलं, 'कृपया फक्त अक्षरे वापरा.' तिने जुनं नाव टाकलं, तर बरोबरची हिरवी खूण! मग काय, अर्धा मजला तिच्या डेस्काभोवती. मदन चालला, मोहन नाही. कमल चालली, विमल नाही. शरद पास, पवार नापास. आमच्यातल्या एका भगतची कॉलर त्या दिवशी ताठ होती.

गंमत अशी की रकाना तपासणारा हा नियम, म्हणजे रेगेक्स, कुणी आळसाने लिहिलेला नव्हता. जुन्या फॉर्मांत 'ए ते झेड सोडून काही नको' असा सरळ मामला असायचा. इथे लिहिणाऱ्याने जगातल्या सगळ्या भाषांचा विचार केला होता, म्हणून युनिकोडमधला 'लेटर' हा वर्ग वापरला होता. पण युनिकोडच्या हिशेबात क हे लेटर आणि त्याच्या डोक्यावरची मात्रा हे 'मार्क'. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त, सगळी मार्कची प्रजा. फ्रेंचमधलं टोपीवालं अक्षर बहुतेक वेळा एकाच तुकड्यात येतं, त्यामुळे पॅरिसच्या माणसाला हा नियम कधी टोचत नाही. आमच्याकडे काना-मात्रा नसलेली नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दुरुस्ती इवलीशी : लेटरच्या जोडीला मार्क लिहायचं. पीआर लगेच मर्ज झाला, सगळे जागेवर गेले आणि संध्याकाळी त्याच मुलीने नवा बग टाकला, 'कऱ्हाडे अजून दारात.'

कऱ्हाडे दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ते अदृश्य चिन्ह ना लेटर ना मार्क, त्याचा वर्गच वेगळा. म्हणजे दोन सख्खे भाऊ, एकच आडनाव, पण एकाचा फॉर्म जातो आणि दुसऱ्याचा नाही. केवळ कुठल्या कीबोर्डवरून टाइप केलं एवढ्याच फरकाने. यावर मी शिफ्ट संपल्यावरही बराच वेळ वाचत बसलो. हिंजवडीतून सात वाजता निघून ट्रॅफिकमध्ये बसण्यापेक्षा युनिकोडचे तक्ते बरे.

त्या वाचनात या आठवड्याचा खरा ऐवज हाती लागला. ज्योत्स्ना हे नाव घ्या. मराठी माणूस दोन अक्षरं मोजेल. जावास्क्रिप्टला 'लेंग्थ' विचारली तर ती दहा सांगते, कारण तिच्या लेखी ज, हलन्त, य, ओकार असे सुटे भाग आहेत. माणसाला दिसतं तसं अक्षर तोडण्यासाठी ब्राउझरात 'इंटल सेगमेंटर' नावाची सोय आहे. क्रोममध्ये ती २०२० पासून होती, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ ला आली. पण सेगमेंटर ज्या युनिकोडच्या नियमांवर चालतो ते नियमच जोडाक्षराच्या बाबतीत अर्धवट होते. त्यांच्याप्रमाणे ज्योत्स्नाचे पाच तुकडे पडत : ज्, यो, त्, स्, ना. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं. देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू अशा लिप्यांसाठी हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकत्र धरायचा नियम त्यात पक्का झाला आणि ज्योत्स्ना दोनावर आली. १९९१ पासून देवनागरी युनिकोडात आहे. जोडाक्षर हे एक अक्षर आहे, हे अधिकृत व्हायला बत्तीस वर्षं लागली. एवढं झाल्यावरही आपल्या ॲपात प्रोफाइलच्या गोलात ज्योत्स्नाचा नुसता 'ज' दिसतो आणि नाव आठ अक्षरांवर छाटणाऱ्या यादीत ती 'ज्योत्स्' होऊन लटकते, तर आता दोष युनिकोडचा नाही. सोय ब्राउझरात आहे, फुकट आहे, तीन ओळींची आहे.

माझी खरी तक्रार इथेच आहे. आमचा स्टँडअप मराठीत होतो. 'लोकलला चालतंय, प्रॉडक्शनला फाटलंय' हे मराठीत. बिल्ड पडला की निघणारे उद्गार तर अस्सल गावरान. पण फॉर्म तपासायची वेळ आली की नावाच्या रकान्यात 'टेस्ट टेस्ट', नाहीतर कीबोर्डच्या मधल्या ओळीवर फिरवलेली बोटं, फारच मन लावून केलं तर 'जॉन डो'. त्या जॉनला मराठीत कुणी फॉर्म भरायला सांगितलाय? मराठी फॉर्मात मराठी नाव टाइप करायला कुठलंही फ्रेमवर्क, कुठलंही बजेट लागत नाही. तरी ते पहिल्यांदा टाइप झालं तेव्हा चाचणीत आलेली मुलगी नवी होती, म्हणजे तिला अजून आमच्या सवयी लागल्या नव्हत्या.

आकड्यांची गोष्ट तर याहून बेरकी. ब्राउझरला 'हा आकडा स्थानिक पद्धतीने दाखव' असं सांगितलं की तो फोनची भाषा बघतो. फोन हिंदीत असेल तर बारा लाख चौतीस हजार इंग्रजी अंकांत, लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह येतात. फोन मराठीत असेल तर अंकही देवनागरी : १२,३४,०००. दिसायला देखणं. पण कर्जाचा हप्ता काढणाऱ्या एका पानावर हाच दाखवलेला मजकूर परत वाचून त्याचं गणित केलेलं होतं. स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह काढायचं म्हणून 'शून्य ते नऊ सोडून सगळं उडव' अशी ओळ होती आणि तिला फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ठाऊक. झालं, अख्खी रक्कमच उडाली. उरलेल्या रिकाम्या जागेचं जावास्क्रिप्टने निमूटपणे शून्य केलं. फोन मराठीत ठेवणाऱ्याला हप्ता आला शून्य रुपये! इतका सुखद बग कोण कशाला कळवेल? हिंदीत तपासून तो सापडणार नाही, इंग्रजीत तर नाहीच. (पायथनवाल्यांनी हसायला हरकत नाही. त्यांच्याकडे देवनागरी १२ चा पूर्णांक मुकाट्याने बारा होतो.) इलाज जुनाच : आकडा वेगळा जपायचा, सजवलेला मजकूर फक्त दाखवायला ठेवायचा.

आणखी एक शोध. एडिटरात नवं पान उघडून उद्गारचिन्ह आणि टॅब दाबलं की एचटीएमएलचा सांगाडा आपोआप उमटतो. सगळे तसंच करतात, मीही. त्या सांगाड्याच्या दुसऱ्याच ओळीत पानाची भाषा इंग्रजी अशी नोंद असते. खाली मजकूर मराठी लिहिला तरी ती ओळ कुणी बदलत नाही. मग अंध वाचकाचा स्क्रीन रीडर त्या पानासाठी इंग्रजी आवाज निवडू शकतो. ज्या फॉन्टांत पाकळीचा ल आणि देठाचा श मुद्दाम घडवलेले असतात, त्यांना ते बाहेर काढायचा इशारा मिळत नाही आणि पान हिंदी वळणाचे ल-श दाखवत राहतं. फॉन्ट करणाऱ्याने महिनोन् महिने घासलेली वळणं आपल्या 'ईएन'च्या जागी 'एमआर' न लिहिण्यामुळे फायलीत पडून राहतात. डिझायनर मंडळींना जाता जाता एकच विनंती : मराठी मथळ्याला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषेचे तुकडे पडतात.

हे सगळं मी आमच्या प्रॉडक्टवाल्यासमोर मांडलं. माणूस हिशेबी. त्याचा एक मुद्दा मला मान्य करावा लागला. इंग्रजी एसएमएसात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि तीही हलन्त-वेलांट्या सुट्या मोजून. मराठी ओटीपीला संदेश दोन लागले तर बिलही दोनाचं. तिथे खर्च खरा आहे, कुणीतरी बसून मजकूर आखडता घ्यायला हवा. पण त्याचा दुसरा मुद्दा असा की मराठीत फॉर्म भरतंच कोण, डॅशबोर्डवर बघ, जवळपास शून्य. आता, जो फॉर्म विमललाही आत घेत नाही, त्याच्या डॅशबोर्डवर मराठी माणसं कुठून दिसणार? आम्ही दारात अडवलेल्यांची नोंद काढली. लाल अक्षरं पाहून लोक एकदा, दोनदा प्रयत्न करतात, मग रोमनमध्ये नाव लिहून पुढे जातात किंवा टॅब बंद करतात. डॅशबोर्ड पहिल्यांना इंग्रजीवाले म्हणतो आणि दुसऱ्यांना काहीच म्हणत नाही.

सध्या चाचणीच्या फोल्डरात नावांची एक फाइल आहे. त्यात ज्योत्स्ना आहे, दोन्ही कऱ्हाडे आहेत, छत्रपती संभाजीनगर आहे, जे डेटाबेसच्या बाइटांत मोजलेल्या रकान्यात ४९ बाइट खातं, जुनं औरंगाबाद २४ मध्ये भागायचं. फाइल पाथर्डीकडच्या मुलीच्या ताब्यात आहे आणि तीत भर घालायला कॅन्टीनमधले लोकही येतात. अडलंय ते वकिलांवर. 'ॲड.' मधला ॲ युनिकोडात २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीची मंडळी अ वर चंद्र ठेवून तो लिहायची, अजूनही बरेच जण तसंच लिहितात. दिसायला दोन्ही एकच, पण युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवूनही ते एक होत नाहीत, म्हणून वकील शोधायला गेलं की निम्मेच सापडतात. सेव्ह करतानाच सगळे एका साच्यात बसवायचे की फक्त शोधताना, यावर टीममध्ये सरळ दोन तट पडलेत. माझं मत शोधताना. माणसाने आपलं नाव जसं लिहिलं तसंच ते डेटाबेसात राहावं. सोमवारी रिलीज आहे आणि पीआर अजून उघडाच आहे.