खवड्याची हयगय नको

मैत्रिणींनो, गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचे गाव. जनीची वेणीफणी करायला प्रत्यक्ष विठोबा येई, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. आपल्या लेकरांचे डोके मात्र आपल्यालाच पाहावे लागते! शाळेच्या घाईत वरवर फणी फिरवून भागत नाही, बरं का. आठवड्यातून एकदा न्हाऊ घातल्यावर मुलाला उजेडात बसवा आणि केस बाजूला सारून टाळू नीट पाहा.

रुपयाएवढा चट्टा, त्यावर पांढुरका कोंडा, खाज आणि केस मुळाशी तुटून राहिलेले काळे ठिपके दिसले, तर तो साधा कोंडा नव्हे. हा खवडा, म्हणजे डोक्यातला नायटा. मानेमागे कधी गाठीही येतात. चाई निराळी, तिच्यात चट्टा गुळगुळीत असतो, कोंडा नसतो.

खवडा होतो बुरशीमुळे. 'तेल कमी पडलं' किंवा 'उष्णता झाली' म्हणून नव्हे. तीन ते दहा वर्षांच्या मुलांत तो जास्त आढळतो. एकमेकांची फणी, टोपी, रिबिन, उशीचा अभ्रा, न्हाव्याचे मशीन यांतून तो पसरतो. केस गळणारे मांजर किंवा कुत्र्याचे पिल्लू कुशीत घेतल्यानेही होतो. गोदाकाठी जावळ काढायचे असेल, तर वस्तऱ्याला नवे पाते लावायला सांगा. त्यात संकोच कसला?

आता मुख्य गोष्ट. ही बुरशी केसाच्या आत शिरते, म्हणून नुसत्या मलमाने जात नाही. औषध पोटातूनच द्यावे लागते. पूर्वी असे औषध नव्हते, तेव्हा परदेशात क्ष-किरण देऊन मुलांचे केस गाळत. १९५८-५९ च्या सुमारास ग्रिसिओफुल्विन पोटात देऊ लागले आणि तो प्रकार थांबला. हे औषध बहुधा सहा ते आठ आठवडे चालते. दुधाबरोबर किंवा तूप घातलेल्या जेवणाबरोबर दिले तर अंगी चांगले लागते. टर्बिनाफिन हे दुसरे औषध. कोणते आणि किती, हे मुलाच्या वजनावरून डॉक्टरच ठरवतील. खाज थांबली म्हणून मध्येच गोळ्या बंद करू नका.

दुकानातून 'खाजेची ट्यूब' मुळीच आणू नका. पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते आणि आतून बुरशी फोफावते. म्हणूनच २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. रॉकेल, चुना, लसूण चोळण्यानेही कोवळी कातडी भाजते.

कधी चट्टा सुजून मऊ होतो, त्यातून पू येतो आणि ताप भरतो. गळू समजून तो दाबू नका, फोडून घेऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज वाटली तर ते परभणीला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवतील. इथे उशीर झाला, तर वण राहून त्या जागी केस कायमचे उगवत नाहीत.

घरात एवढे करा :

१. प्रत्येकाची फणी आणि पंचा वेगळा ठेवा.

२. अभ्रे, टोप्या, पंचे कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. फणी साबणाच्या गरम पाण्याने घासा.

३. भावंडांची डोकीही डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सांगितलेला औषधी शॅम्पू आठवड्यातून दोनदा लावा. त्याने फैलाव कमी होतो. पण गोळ्यांचे काम तो करत नाही.

गोळ्या सुरू झाल्या की मूल शाळेत जाऊ शकते. डोके भादरण्याची गरज नाही. मुलीचे तर उगाच भादरू नका, वर्गात ती कानकोंडी होते. 'घाणेरडी' म्हणून रागावूही नका. स्वच्छ घरातल्या मुलांनाही खवडा होतो. वेळीच औषध सुरू केले, तर केस पुन्हा पहिल्यासारखे येतात.