बरणीवरील नाव आणि बरणीतील माल

ब्रिटिश व्यापारी ज्या मालासाठी 'घर्किन' म्हणून मागणीपत्र धाडतो आणि अमेरिकन व्यापारी ज्याला निव्वळ 'पिकल' म्हणून संबोधतो, तो माल पुष्कळदा कर्नाटकातील किंवा तमिळनाडूतील एकाच शेतावर खुडलेली, एकाच पिंपात खारवलेली कोवळी काकडी असते, ही गोष्ट त्या व्यापारातील जाणत्यांना नवी नाही. १९९०च्या दशकात कर्नाटकात मूळ धरलेला आणि पुढे आंध्र प्रदेश व तेलंगणापर्यंत पसरलेला हा व्यवसाय २०२०-२१ साली २२ कोटी ३० लक्ष डॉलरांच्या निर्यातीपर्यंत पोहोचला आणि सुमारे ९०,००० लहान शेतकऱ्यांच्या उपजीविकेचा आधार झाला. दोन देशांतील नामभेदामुळे त्याचे काही बिघडले नाही, कारण किलोमागे नग किती, मीठ किती, आम्लता किती, हा तपशील त्या व्यापारात आधी ठरतो आणि नाव मागाहून येते. परंतु कैरी, लिंबू, मिरची वा मिश्र भाज्यांचे लोणचे स्वतःच्या नावाने बरणीत भरून परदेशी दुकानाच्या फळीवर ठेवणाऱ्या आपल्या कारखानदारांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्या मालाचा तपशील गिऱ्हाईक विचारीत नाही, ते बरणीवरील नाव वाचते आणि त्या नावावर विसंबून पैसे मोजते. सबब बरणीवरील नाव हा गिऱ्हाइकाशी होणारा पहिला करार होय, आणि तो करार लंडनमध्ये व न्यूयॉर्कमध्ये एकाच मजकुराने करता येत नाही, हे या अंकात आपल्या व्यवसायबंधूंपुढे सविस्तर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेत 'पिकल' हा शब्द विशेषणावाचून उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात काकडीच येते, आणि तिचे प्रकार मग विशेषणांनी सांगावे लागतात. शेपूचा स्वाद दिलेली ती 'डिल'. शेपूबरोबर लसूण घालून, न्यूयॉर्कमधील ज्यू स्थलांतरितांनी रूढ केलेल्या रीतीने सिद्ध केलेली ती 'कोशर डिल', यातील पहिला शब्द बहुधा स्वादाची परंपरा दर्शवितो आणि धार्मिक प्रमाणपत्राची हमी त्यात अध्याहृत धरता येत नाही. शिरक्याचा स्पर्श न होता केवळ मिठाच्या पाण्यात थोडे दिवस आंबलेली, हिरवी व कुरकुरीत ती 'हाफ सावर' आणि अधिक मुरलेली ती 'फुल सावर'. कांद्यासह चकत्या करून साखर व शिरक्याच्या पाकात ठेवलेली ती 'ब्रेड अँड बटर', जिच्या नावाची व्यापारी निशाणी इलिनॉय राज्यातील फॅनिंग दांपत्याने १९२३ साली नोंदविली. 'घर्किन' हा शब्द तेथे अपरिचित नाही. परंतु तो बहुधा लहान आकाराच्या, गोड पाकातील काकडीपुरता राखलेला आढळतो. उभ्या चिरलेल्या फोडींना तेथे 'स्पीअर' आणि चकत्यांना 'चिप्स' म्हणतात. आणि ब्रिटनमध्ये चिप्स म्हणजे तळलेले बटाटे असल्यामुळे, अमेरिकन नमुन्याबरहुकूम छापलेली बरणीवरची पट्टी ब्रिटनला जशीच्या तशी रवाना करणे किती अनुचित ठरेल, हे एवढ्या एका शब्दावरूनही ध्यानात यावे.

ब्रिटनमध्ये 'पिकल' या नावाने जो पदार्थ ओळखला जातो तो दाट, तपकिरी आणि आंबटगोड असतो, आणि त्याचा नमुना म्हणून स्टॅफर्डशरमधील बर्टन गावाशेजारच्या ब्रॅन्स्टन येथे क्रॉस अँड ब्लॅकवेल या पेढीने १९२२ साली काढलेल्या पिकलकडे बोट दाखविता येते. गाजर, कांदा, फुलकोबी आणि स्वीड नावाचा सलगमवर्गीय कंद यांचे बारीक तुकडे शिरका, साखर व खजूर यांच्या रसात घालून केलेला तो पदार्थ पाव-चीजबरोबर खाल्ला जातो, आणि 'स्वीट पिकल' म्हटले की ब्रिटिश गृहिणीला तोच अभिप्रेत असतो. अमेरिकन गृहिणी त्याच दोन शब्दांनी गोड काकडी मागत असते. येथे एक सूक्ष्म नियम लक्षात घेण्याजोगा आहे. सबंध भाजी वा फळ शिरक्यात मुरविले तर ब्रिटिश माणूस 'पिकल्ड' हे विशेषण त्या वस्तूच्या आधी लावतो, म्हणून पिकल्ड कांदे, पिकल्ड अंडी, पिकल्ड हिरवे अक्रोड. आणि तुकड्यांचे, मसाल्याच्या दाट रसातील मिश्रण असले तर 'पिकल' हा शब्द वस्तूच्या नंतर येतो. आपल्या कैरीचे लोणचे याच दुसऱ्या वर्गात, 'मँगो पिकल' या रूपाने, भारतीय उपाहारगृहांच्या मार्गे ब्रिटिश जेवणात रुळले. अमेरिकेत मात्र भारतीय वस्तीबाहेरच्या गिऱ्हाइकाने 'मँगो पिकल' वाचले तर शिरक्यात बुडालेल्या, पाणीदार, गोडसर फोडींची अपेक्षा त्याने करणे स्वाभाविक आहे. आणि झाकण उघडल्यावर तेलाचा तवंग व मोहरीचा झणका यांच्याशी गाठ पडली, तर दोष त्याच्या जिभेला देता येणार नाही.

हाच घोटाळा शेजारच्या नावांतही आहे. 'रेलिश' म्हणजे अमेरिकेत सामान्यतः बारीक चिरलेल्या गोड काकडीचा, हॉट डॉगवर पसरावयाचा पदार्थ. ब्रिटनमध्ये या शब्दाचा विस्तार अधिक सैल असून, १८२८ सालापासून चालत आलेले 'जंटलमन्स रेलिश' तर अँकोव्ही माशाचे खारट वाटण आहे, ही बाब शाकाहारी मालाच्या कारखानदारांनी विशेष ध्यानात ठेवावी. 'पिकलिली' म्हटले की ब्रिटनमध्ये फुलकोबी, लहान कांदे व काकडी यांचे हळद-मोहरीच्या दाट पिवळ्या रसातील लोणचे पुढे येते. अमेरिकेच्या अनेक भागांत तेच नाव हिरवे टोमॅटो, मिरच्या वा काकडी यांच्या गोड, पिवळेपणा नसलेल्या चुऱ्याला दिले जाते. त्या देशाच्या दक्षिण भागात त्याच कुळातील पदार्थास 'चाऊचाऊ' म्हणतात आणि पेनसिल्व्हेनियात त्याच नावाखाली निराळ्या भाज्यांचा गोड मेळ विकतात.

या नामभेदाच्या मुळाशी भारताचा संबंध आहे, आणि तो आपल्या व्यवसायाच्या इतिहासाचाच भाग असल्यामुळे सांगणे आवश्यक आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत ताजा आंबा समुद्रप्रवासात टिकणे अशक्य होते, म्हणून इंग्लंडला जो आंबा पोहोचला तो बहुतांशी लोणच्याच्या रूपाने. आणि त्या लोणच्याची गोडी तेथे इतकी लागली की आंबा नाही तर निदान त्याची रीत तरी असावी, या हेतूने काकड्या, खरबुजे व पीच यांना कैरीचे संस्कार होऊ लागले. जॉन एव्हलिन याने १६९९ साली प्रसिद्ध केलेल्या 'असिटेरिया' या ग्रंथात काकडीच्या 'मँगो'ची कृती आहे. हॅना ग्लास हिच्या पाकग्रंथाच्या १७५८ सालच्या आवृत्तीत 'पाको-लिला' अथवा भारतीय लोणचे या शीर्षकाने आजच्या पिकलिलीची पूर्वज सापडते. आणि मेरी रँडॉल्फ हिच्या १८२४ सालच्या व्हर्जिनियातील ग्रंथात कोवळ्या खरबुजात मसाला भरून केलेल्या तेलातील 'मँगो'चा समावेश आहे. पुढे अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत मसाला भरून मुरविलेल्या ढोबळ्या मिरचीलाच 'मँगो' म्हणण्याचा प्रघात पडला आणि तो विसाव्या शतकातही टिकून होता. फळाचे नाव क्रियेला मिळाले आणि क्रियेचे नाव दुसऱ्याच फळाला चिकटले. लोणच्याच्या नावात वस्तू, रीत आणि माध्यम हे तिन्ही घटक कसे गुंतलेले असतात आणि स्थलांतरात त्यांतला कोणता टिकेल याची शाश्वती कशी नसते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

लिंबाच्या लोणच्याचा प्रश्न तर केवळ रुचीपुरता नाही. ब्रिटनमध्ये 'लाइम पिकल' म्हणजे आपले लिंबाचे लोणचे. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याच शब्दांनी चुन्याच्या पाण्यात भिजवून कुरकुरीत केलेल्या गोड काकडीचा बोध होतो, आणि तेथील 'पिकलिंग लाइम' हे फळ नसून आपल्या परिचयाचा खाण्याचा चुना आहे. कोहळ्याच्या पेठ्यासाठी चुन्याची निवळी वापरणाऱ्यांना हे तंत्र अनोळखी नाही. परंतु हा चुना आम्लाचे निराकरण करतो, सबब पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवून तो पुरता काढून न टाकल्यास मालाची आम्लता घटून जीवघेण्या जंतुविषाला वाट मोकळी होते. एका देशातील कृती त्याच नावाच्या दुसऱ्या देशातील पदार्थाला लावणे किती घातक ठरू शकते, ते यावरून दिसेल.

घटकपदार्थांच्या यादीतही तीच दक्षता हवी. ब्रिटनचा 'बीटरूट' अमेरिकेत 'बीट' होतो, 'स्वीड'चा 'रुटाबेगा' होतो, 'कूर्जेट'चे 'झुकिनी' होते आणि 'ओबर्जीन'चे 'एगप्लँट' होते. मात्र वांग्याच्या भारतीय लोणच्याला ब्रिटनमध्ये 'ब्रिंजल पिकल' हे आपल्याकडून गेलेले नाव आजही रूढ आहे. मांस खारवणाऱ्यांसाठीही एक नोंद करणे इष्ट आहे: अमेरिकेत ज्याला 'कॉर्न्ड बीफ' म्हणतात ते ब्रिटनमध्ये 'सॉल्ट बीफ', आणि ब्रिटनमधील 'कॉर्न्ड बीफ' हा डबाबंद, दाबून बसविलेला निराळाच माल.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत बरणीच्या दर्शनी भागावर पदार्थाचे सर्वसामान्य व रूढ नाव असावे लागते. ब्रिटनमध्ये कायद्याने ठरविलेले नाव, ते नसल्यास तेथील गिऱ्हाइकाला स्पष्टीकरणावाचून कळणारे रूढ नाव, आणि तेही नसल्यास वर्णनात्मक नाव द्यावे लागते. दोन्ही देशांत कारखान्याची व्यापारी निशाणी या नावाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय अमेरिकेत १९७९ सालापासून अंमलात असलेल्या नियमांनुसार, आम्ल घालून ४.६ किंवा त्याहून कमी पीएचला आणलेला माल, आपोआप आंबून आम्ल झालेला माल आणि मुळातच आम्ल असलेला माल हे निरनिराळे वर्ग असून, पहिल्या वर्गातील मालाच्या परदेशी कारखान्यालाही आपली नोंदणी व प्रक्रियेचा तपशील तेथील अन्न-औषध प्रशासनाकडे दाखल करावा लागतो. 'पिकल' हा एक शब्द या तिन्ही वर्गांना सामावून घेतो. म्हणून आपला माल कोणत्या वर्गात बसतो याचा निर्णय नावावरून न करता प्रयोगशाळेतील तपासणीवरूनच केला पाहिजे. ज्या घटकांची विशेष सूचना द्यावी लागते, अशा वावड्या पदार्थांच्या यादीतही भेद आहे. ब्रिटनच्या १४ पदार्थांत मोहरी आहे, अमेरिकेच्या ९ पदार्थांत ती नाही. तीळ मात्र १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेच्याही यादीत आहे. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते आणि गव्हाची सूचना दोन्हीकडे सक्तीची आहे. मोहरीचे तेल खाद्यतेल म्हणून अमेरिकेत स्वीकारले जात नाही, ही गोष्ट उत्तर हिंदुस्थानी धर्तीचे लोणचे काढणाऱ्यांनी माल भरण्यापूर्वीच विचारात घ्यावी.

या सर्वांवरून आमची व्यवसायबंधूंना आग्रहाची सूचना अशी की, प्रत्येक कारखान्याने आपल्या प्रत्येक लोणच्याचे एक टिपण सिद्ध ठेवावे. त्यात फळ कोणते, फोड केवढी, माध्यम तेल, शिरका, खार की पाक, मीठ व साखर किती, पीएच किती, आंबवण आहे की नाही, हा तपशील प्रथम यावा; नंतर ब्रिटनसाठी एक आणि अमेरिकेसाठी एक अशी दोन नावे त्या तपशिलावरून ठरावीत, आणि बरणीवरील पट्ट्याही दोन छापाव्यात. छपाईचा खर्च वाचविण्यासाठी एकच पट्टी दोन मुलखांत चालविण्याची वृत्ती, बंदरात अडकलेल्या एका रवानगीने त्या बचतीच्या अनेकपट नुकसान करू शकते, हे विसरून चालणार नाही.

परंतु परक्यांच्या नावांत आपला माल बसविणे एवढेच कर्तव्य मानून थांबणे आम्हांस मान्य नाही. कोरियातील किमची कोबीचे पिकल म्हणून जगापुढे गेली नाही. तिचे घटक, रीत व आम्लता निश्चित करून २००१ साली आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाकडून तिच्या स्वतःच्या नावाने मानक संमत करून घेण्यात आले, आणि आज ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे तिचे एकच नाव चालते. लोणच्यालाही हा मार्ग मोकळा आहे. बरणीवर 'लोणचे' हे नाव रोमन लिपीत ठळकपणे द्यावे आणि त्याखाली त्या त्या देशाच्या कायद्यास व समजुतीस अनुसरून वर्णन द्यावे. मात्र तत्पूर्वी कैरीच्या लोणच्यात फोड, मीठ, मोहरी व तेल यांचे किमान प्रमाण काय असावे, याविषयी आपल्याच कारखानदारांत एकमत झाले पाहिजे. तूर्त एकाच नावाखाली प्रत्येक कारखान्याचे प्रमाण निराळे असते. या प्रमाणांचा मसुदा व्यवसायाच्या संघटनांनी हाती घ्यावा, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या तज्ज्ञ संस्थांचे साहाय्य घ्यावे, आणि आपापल्या मालाचा तपशील देण्यास कोणीही कचरू नये; कारण नावाला परदेशात मान मिळतो तो त्यामागे उभ्या असलेल्या निश्चित मानकामुळे, आणि ते मानक आपल्यावाचून दुसरे कोणी लिहून देणार नाही.