कार्यालयीन इंटरनेट फोन आणि जोडणीचा प्रश्न

इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास भारतात १ एप्रिल २००२ रोजी परवानगी मिळाली, पण ती हात आखडता घेऊनच. संगणकावरून परदेशातील फोन लावता येई. देशातल्या देशात साध्या फोनवर बोलण्यास मात्र मज्जाव होता. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांचा मार्ग जून २०१८ मध्ये मोकळा झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरांवरील नोंदणीचे बंधनही उठले. नियमांची अडचण अशी बरीचशी दूर झाल्यावर उद्योजकांपुढे आता निराळाच प्रश्न आहे: हा फोन कोणत्या जोडणीवर चालवायचा?

विक्रेते त्याचे उत्तर वेगाच्या आकड्यांत देतात. ते दिशाभूल करणारे आहे. जी.७११ या प्रचलित पद्धतीत एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट लागतात. म्हणजे वीस जण एकाच वेळी बोलत असले तरी दोन मेगाबिटांत काम भागते. संभाषण बिघडते ते विलंबामुळे आणि वाटेत गहाळ होणाऱ्या डेटा पॅकेटांमुळे. आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. साध्या ब्रॉडबँडवर अनेक ग्राहक एकच क्षमता वाटून घेत असल्याने ऐन गर्दीच्या वेळी तो पाळला जाईलच, याची हमी कोणी देत नाही.

लीज्ड लाइनमध्ये क्षमता राखीव असते, दोन्ही दिशांचा वेग सारखा असतो आणि दुरुस्तीची मुदत करारात लिहिलेली असते. भाडे मात्र कितीतरी पटींनी अधिक. दूरसंचार कंपनीची एसआयपी ट्रंक तिच्याच खासगी वाहिनीवरून घेतली, तर सार्वजनिक इंटरनेटचा संबंधच उरत नाही. पण मग ग्राहक त्या कंपनीच्या दावणीला बांधला जातो. छोट्या कार्यालयाला दोन कंपन्यांचे फायबर आणि राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम, एवढे बहुधा पुरेसे ठरते. मात्र दोन्ही तारा एकाच चरातून आलेल्या असतील, तर रस्ता खोदणारे यंत्र त्या एकदमच तोडते. तेव्हा तिसरी सोय मोबाइल नेटवर्कची हवी.

विजेचा विचार तर सहसा होतच नाही. तांब्याच्या तारेवरील फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळत असे. फायबरवर ती ग्राहकालाच पुरवावी लागते. ब्रिटनमध्ये या स्थित्यंतरात वृद्धांच्या मदत-सूचक यंत्रांचा संपर्क तुटल्याच्या गंभीर घटना २०२३ मध्ये उघड झाल्या, आणि जुने जाळे बंद करण्याची मुदत पुढे जानेवारी २०२७ पर्यंत लांबविण्यात आली. आपल्याकडे संगणकांना यूपीएस असतो. जिन्याखालच्या फायबरच्या पेटीला मात्र बहुधा नसतो.