नानखटाईचाही हिशेब ठेवा

आम्ही कापडाचे व्यापारी. तेजी-मंदी आम्हाला नवी नाही. पण मार्च 2020 च्या टाळेबंदीत भिवंडी-मालेगावचे माग थांबले आणि 25 मे रोजी ईद आली तेव्हा आमचे दुकान बंदच होते. ईदपूर्वी घरी नानखटाईचे पीठ मळून ट्रे मोहल्ल्याच्या बेकरीत भाजायला न्यायचे, ही आपली जुनी रीत. त्या वर्षी बेकरीही बंद. घरात जाड पातेल्यात मीठ तापवून त्यावर नानखटाई भाजली गेली. तुपा-वेलचीचा वास सुटला, मुले हसली, आम्हालाही धीर आला.

पुढे शेजारून मागणी आली, किराण्यापुरते पैसे सुटू लागले. आम्ही मैदा, रवा, तुपाचा खर्च वहीत लिहिला. भाजणारीची मजुरी मात्र लिहिली नाही. कारागिराची मजुरी बुडवू नये, असे आपणच म्हणतो ना? मग घरातल्या कारागिराचे काय?

बंधूंनो, घरचे पदार्थ विकायचे तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती करणारीच्याच नावे करा आणि मजुरी धरूनच भाव ठरवा. आमच्या वहीत आता तो रकाना आहे. उशिरा का होईना, घातला.