थांबण्याचे धारिष्ट

परवा आमच्या ओसरीवर मोटारसायकलींच्या शर्यतींचा विषय निघाला. मी इटलीच्या कार्लो उबियालीचे नाव घेताच पुतण्या म्हणाला, "काका, एकतिसाव्या वर्षी मैदान सोडणारा कसला वीर?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

उबियाली १९२९ साली बेर्गामो येथे जन्मला. १९५१ मध्ये मोंडियाल गाडीवर तो १२५ सी.सी. गटाचा जगज्जेता झाला. पुढे एम. व्ही. आगुस्ताच्या गाड्यांवर त्याच गटात पाच वेळा व २५० गटात तीन वेळा. म्हणजे एकंदर नऊ जगज्जेतेपदे आणि ग्रां प्रीचे ३९ विजय. लहान इंजिनाची ताकद बेताचीच. वळणावर गमावलेला वेग सहजी परत मिळत नाही. उबियाली पुढच्या स्वाराच्या पाठीशी वाऱ्याच्या आडोशाने राही, त्याचे दोष न्याहाळी आणि अखेरीस डाव साधी. यास कोणी कावा म्हणोत. मी हिशेब म्हणतो.

१९६० मध्ये दोन्ही गटांची जगज्जेतेपदे जिंकून त्याने निवृत्ती पत्करली. पुढच्याच वर्षी ही दोन्ही जगज्जेतेपदे जपानच्या होंडा गाड्यांकडे गेली. तो त्यांना भ्यायला, असे म्हणावे तर १९६० मध्ये होंडाचे स्वार मैदानात असतानाच तो जिंकला होता!

त्याच्याच देशातील तेर्नीचा लिबेरो लिबेराती १९५७ साली जिलेरा गाडीवर ५०० सी.सी. गटाचा जगज्जेता झाला. त्या वर्षाअखेर जिलेराने शर्यतींतून अंग काढून घेतले. पण लिबेरातीचा जीव शर्यतीतून निघेना. १९६२ मध्ये तेर्नीजवळच्या रस्त्यावर सराव करताना तो अपघातात गेला. त्याला मी नावे ठेवीत नाही. त्या ध्यासापुढे माझी मान लवते. पण उबियालीस भित्रा म्हणणे मात्र मला मान्य नाही. टाळ्या चालू असताना उठून जाण्यास वेगळे धारिष्ट लागते. उबियाली २०२० साली, नव्वदीत, बेर्गामोतच वारला.

आपल्याकडे गळा गेलेल्या गवयाच्या बैठकीस आपण भिडेखातर माना डोलावतो आणि घरी येऊन हळहळतो. त्याला वेळीच सांगण्याचे धैर्य आपल्यात कुठे असते?

हे लिहिताना ध्यानी आले की, एका मंडळाचे चिटणीसपद मी स्वतः बावीस वर्षे धरून बसलो आहे. पुतण्यास उत्तर देण्यापूर्वी येत्या सभेत ते सोडावे म्हणतो.