प्रत्येक खोकला क्षयाचा नसतो

एक उदाहरण घेऊ. मुकुटबन परिसरातल्या एका गावातील पन्नाशीच्या बाई. विडीला कधी हात लावलेला नाही. दोन-तीन वर्षांपासून खोकला आणि पाण्याची घागर उचलली की धाप. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी एक्स-रेवरून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, धाप मात्र तशीच. दर हिवाळ्यात दवाखान्यात भरती, सलाईन, ऑक्सिजन, आणि बरे वाटले की घरी. अशा बाई आपल्या ओळखीत नाहीत, असे किती वाचक म्हणू शकतील?

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. विडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण खरे, पण एकमेव नाही. आपल्या भागात पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीत जळतात आणि तो धूर वर्षानुवर्षे बायकांच्या छातीत जातो. शिवाय इथे सिमेंटचा कारखाना आहे, जवळच वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. दगडाची व कोळशाची धूळही फुफ्फुसात डाग पाडते आणि एक्स-रेवर ते डाग क्षयासारखेच भासू शकतात. खाणकामगारांच्या अशा आजाराची नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. 'क्षय' लिहिला की ती नोंद राहते आणि नुकसानभरपाईही.

म्हणून क्षय विसरा असे कोणी समजू नये. दगडाच्या धुळीने फुफ्फुस खराब झालेल्याला क्षय होण्याचा धोका उलट जास्त असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. प्रश्न पुढचा आहे. थुंकीत जंतू नाहीत, गोळ्यांनी गुण नाही, मग काय? अशा वेळी स्पायरोमेट्री हवी. जोरात फुंकर मारायची, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र सांगते. औषधाचा पंप घेतल्यावरही ती एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नळ्या अरुंद झाल्याचे कळते. यात सुई नाही, रक्त नाही, काही मिनिटांचे काम. एक्स-रेला हे सांगता येत नाही.

रोगी पुन्हा पुन्हा भरती का होतो, याचेही उत्तर इथेच आहे. दवाखान्यातून निघताना पंप दिला जात नाही, दिला तर ओढायचा कसा ते शिकवले जात नाही, आणि घरी तीच चूल वाट पाहत असते. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज तर घरोघरी आहे. पंपातले औषध गोळीच्या मानाने फार थोडे असते आणि ते थेट छातीत पोहोचते.

आमचे म्हणणे एवढेच. तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमेट्रीचे यंत्र आणि ते चालवणारा शिकलेला माणूस असावा. डॉक्टरांनी प्रत्येक धापेच्या रोग्याला 'काम काय करता, चूल कशावर पेटते' हे विचारावे. आणि वाचकांनो, डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगा. सुरू असलेल्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.