चहा झोडपला, एनर्जी ड्रिंकचे डबे सुटले

संपादक महोदय,

कॅफीन 'सौम्य विष' आहे, सबब चहा-कॉफी सोडावी, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष संशोधनाला धरून नाही. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे आणि कपभर चहात ३० ते ६५. पहाटेची लोकल गाठणाऱ्या उल्हासनगरच्या कामगाराचे दोन-तीन कटिंग त्यात सहज बसतात. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळावा, हे खरे. पण ते टॅनिनमुळे लोह कमी शोषले जाते म्हणून. लेखकाने तो दोषही कॅफीनच्या माथी मारला आहे.

खेळात कॅफीन निषिद्ध असल्याचे विधानही चूक. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ मध्येच ते बंदीच्या यादीतून काढले.

खरा धोका मुलांना आहे. एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते. शाळांपासून ५०० मीटरांत अशा पेयांच्या विक्रीवर बंदी घालू, असे राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितले. लेखात त्यावर अवाक्षर नाही! उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळांबाहेर आज काय विकले जाते, हे आपण वार्ताहर पाठवून छापावे.

— एक निवृत्त शिक्षिका, उल्हासनगर